नंबर नसलेला चष्मा

हे लिहावे की नाही, हा प्रश्न मी सर्वप्रथम माझ्या मुलीला विचारला. शरीर तिचे, तपासण्या तिच्या, तेव्हा परवानगीही तिचीच असायला हवी. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव बदल. आणि मला बिचारी करू नकोस." तिच्या दोन्ही अटी मी पाळणार आहे. या लेखात तिचे नाव श्रावस्ती आहे.

मी चिखलीतल्या एका शाळेत गणित शिकवते. वैद्यकीय माहिती देण्याचा मला अधिकार नाही आणि ती येथे मिळणारही नाही. ज्यांच्या घरी वयाच्या मानाने लहान दिसणारे मूल आहे, ज्यांना डॉक्टरांनी संप्रेरकांच्या तपासण्या लिहून दिल्या आहेत आणि 'ही वयात येणार की नाही' हा प्रश्न जे मनात घेऊन फिरत आहेत, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. तो प्रश्न घेऊन मी दीड वर्ष फिरले. त्या काळातला थकवा अजून अंगातून पूर्ण गेलेला नाही. त्यामुळे लिहिताना कुठे कोरडेपणा आला, तर वाचकांनी समजून घ्यावे.

न उसवलेली दुमड

मुलींचे गणवेश शिवताना आमच्याकडे खालची दुमड मोठी ठेवतात. मूल वाढले की ती उसवायची, म्हणजे तोच गणवेश आणखी एक वर्ष चालतो. श्रावस्ती सहावीत असताना मी अशी दुमड ठेवली होती. ती आठवीत गेली, तरी ती दुमड उसवण्याची वेळ आली नव्हती.

शाळेत तिच्याच वयाच्या मुली रोज माझ्यासमोर बसतात. सातवीच्या उन्हाळ्यानंतर त्या बदलून येतात. आवाज, चाल, ओढणी सावरण्याची सवय, सगळेच बदललेले असते. श्रावस्तीत असे काहीच नव्हते. उंचीने ती चौथीतली वाटे आणि अंगानेही.

तिची आत्या मंगलाताई, म्हणजे माझे यजमान विलास यांची थोरली बहीण, पिंपळगाव राजाला असतात. त्यांच्या मनातले ओठांवर यायला वेळ लागत नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत दारातूनच म्हणाल्या, "काय वं वहिनी, ही पोट्टी मागच्या दिवायीले जेवढी होती तेवढीच हाय. खायले देता का नाई हिले? का समदं शायेतल्याच पोरांले शिकवण्यात जाते?"

सगळे हसले. श्रावस्तीही हसली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्या तांब्यातले पाणी कोणी मागितले नव्हते.

दिवाळीनंतर आम्ही चिखलीतल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी उंची मोजली, जुन्या लसीकरणाच्या कार्डावरची वजने पाहिली आणि शांतपणे सांगितले, "उंची कमी असणं हा एक प्रश्न. तेरा वर्षं उलटूनही वयात येण्याचं चिन्ह नसणं हा दुसरा. दोन्ही एकत्र आले की वाट बघत बसू नये." संभाजीनगरच्या एका मोठ्या रुग्णालयात मुलांच्या संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टर बसतात. त्यांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली.

पहिला दिवस

चिखलीहून देऊळगाव राजा, जालना आणि मग संभाजीनगर. एसटीने जाण्यातच अर्धा दिवस सरतो. रुग्णालयात नोंदणीची एक रांग, मोजमापाची दुसरी आणि डॉक्टरांच्या दाराबाहेरची तिसरी. तिथल्या बाकांवर बसलेल्या आईवडिलांचे चेहरे मी पुढे अनेकदा पाहिले. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बघण्याचे धैर्य मला झाले नाही.

डॉक्टर बाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिला प्रश्न श्रावस्तीला विचारला, "तुला स्वतःला काय वाटतं?" उत्तर मी दिले. दुसरा प्रश्नही तिलाच होता आणि त्याचेही उत्तर मीच दिले. तिसऱ्या प्रश्नाला त्या माझ्याकडे पाहून नुसत्या थांबल्या. तरी मी बोलतच राहिले. वर्गात एखादे मूल अडले की मी पुढची पायरी सांगून टाकते, ही माझी जुनी सवय.

मग त्यांनी मला विचारले, "घरात कोणाला पाळी उशिरा आली होती? आई, आजी, आत्या, मावशी?"

"मला वेळेवर आली," मी म्हणाले. "सासरचं माहीत नाही."

विलास म्हणाले, "आमच्याकडे तसं काही नाही." त्यांना ते कसे ठाऊक असणार, हा प्रश्न त्या वेळी आम्हा दोघांनाही पडला नाही.

डाव्या हाताचा एक्स-रे निघाला. त्यावरून हाडांचे वय कळते. श्रावस्तीची हाडे तिच्या वयापेक्षा बरीच मागे होती. डॉक्टरांनी समजावले ते मी माझ्या भाषेत मांडते. काही मुलांचे शरीर उशिरा जागे होते, पण आपणहून होते. काहींच्या बाबतीत मेंदूखालच्या ग्रंथीकडून आज्ञाच सुटत नाही, किंवा आज्ञा सुटते पण ज्या अवयवांनी ती पाळायची ते पाळत नाहीत. मग वयात येण्यासाठी औषधे लागतात आणि पुढे मूल होण्याबद्दलही शंका राहते. बाहेरून ही सगळी मुले सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक शोधण्यासाठी तपासण्या करायच्या.

श्रावस्ती शेजारीच बसली होती. 'मूल होण्याबद्दल शंका' हे शब्द तिच्यासमोर उच्चारले गेले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. समोरच्या भिंतीवर उंची मोजण्याची पट्टी होती, तिच्यावरचे आकडे ती खालून वर वाचत होती.

घरी काय सांगायचे

परतीच्या एसटीत विलासनी हळूच विचारले, "घरी काय सांगायचं?"

घरी माझ्या सासूबाई होत्या. त्या दर रविवारी विहारात जातात आणि तिथे सगळ्यांची खुशाली विचारली जाते. पलीकडे फोनवर मंगलाताई होत्या. मुलीच्या अशा तपासणीची बातमी एकदा बाहेर पडली की पुढे स्थळे बघताना ती आपल्याही आधी पोचते, असे विलासना वाटे. मलाही तसेच वाटे. सुशिक्षित असल्यामुळे मी ते बोलून दाखवत नव्हते, एवढेच.

"डोळ्यांचं सांगू," ते म्हणाले. "डोळे तपासायला नेलं होतं म्हणू."

मी मान हलवली. खूप थकले होते आणि उत्तर सोपे होते.

दुसऱ्याच दिवशी मंगलाताईंचा फोन आला. "काऊन वं, संभाजीनगरले गेले होते म्हणे?"

"श्रावीचे डोळे दाखवायला, ताई."

"मंग चष्मा लागला का?"

चष्मा नाही म्हणावे, तर पुन्हा पुन्हा संभाजीनगरला कशासाठी जाणार? मी हो म्हणाले. त्या आठवड्यात आम्ही बाजारातून नंबर नसलेल्या काचांचा एक चष्मा करून घेतला. निळी फ्रेम श्रावस्तीने निवडली. चष्म्यातून तिने दुकानाच्या पाट्या वाचून पाहिल्या आणि म्हणाली, "सगळं पहिल्यासारखंच दिसतं." दुकानदार म्हणाला, "तेच तर पाहिजे ना, ताई?"

डॉक्टरांच्या त्या एका प्रश्नासाठी मी सासूबाईंनाही विचारले. पण सरळ विचारले नाही. म्हणाले, "आई, माझ्या एका मैत्रिणीची मुलगी आहे, तिला अजून पाळी आली नाही. आपल्याकडे कोणाला असा उशीर झाला होता का?"

सासूबाई तूर निवडत होत्या. त्यांनी सूप थांबवले नाही. "आमच्याकडं समदं येळेवर होते, बाई. तू लोकाईची फिकर नोको करू."

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना तेच सांगितले.

मधले महिने

गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल यायला बरेच आठवडे लागले. त्या काळाबद्दल मी फारसे लिहू शकत नाही, कारण मला तो नीट आठवत नाही. शाळा, घर, स्वयंपाक, पेपर तपासणे हे चालू होते. फळ्यावर उदाहरण लिहिताना मधेच हात थांबे आणि मुले वाट बघत. एका मुलाने विचारले, "मॅडम, पुढची पायरी आम्ही लिहू का?" मी म्हणाले, "लिहा."

घरात आम्ही दोघे एकमेकांशी जपून बोलत होतो आणि मग एके दिवशी जपणे सुटले. माझी आई ठेंगणी आहे. विलास म्हणाले, "तुह्या आईकडूनच आलं असन हे." मी म्हणाले, "तुमच्याकडचं तरी तुम्हाला काय माहीत आहे?" रागात बोललेले हे वाक्य त्या वर्षातले सर्वांत अचूक वाक्य होते, हे मला फार उशिरा कळले. श्रावस्ती शेजारच्या खोलीत होती. तिने पंख्याचा वेग वाढवला. जुन्या पंख्याचा आवाज मोठा आहे.

अहवाल आला. गुणसूत्रे ठीक होती. आम्हाला हायसे वाटले. पण रक्तातली संप्रेरके कमी होती आणि एवढ्यावरून निर्णय होत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. उशिरा जागे होणाऱ्या मुलांचीही ती कमी असतात आणि ज्यांची ग्रंथी जागीच होणार नाही त्यांचीही. म्हणून पुढची तपासणी ठरली. एक इंजेक्शन देऊन ग्रंथीला मुद्दाम हाक मारायची आणि ती कितपत ओ देते, हे ठरावीक अंतराने रक्त घेऊन पाहायचे.

त्या तपासणीची तारीख घ्यायला आणि मधली तपासणी करायला जायचे होते, तेव्हा नेमके माझे प्रशिक्षण आले. विलास तिला घेऊन गेले. सासूबाई हट्टाने बरोबर निघाल्या. "नातीचे डोये कोन पाह्यते, थे मले पाह्यचं हाय," असे त्यांचे म्हणणे.

तिथे विलास नोंदणीच्या रांगेत उभे असताना एका तरुण डॉक्टरने आत बोलावून माहिती लिहून घ्यायला सुरुवात केली. डोके दुखते का, उलट्या होतात का, नजरेचा काही त्रास आहे का, असे त्यांचे नेहमीचे प्रश्न असतात.

सासूबाई म्हणाल्या, "डोयेच तं कमजोर हायेत तिचे! त्याच्यासाठीच तं आनतो इतल्या दूर. चष्मा नाई दिसून राह्यला का तुमाले?"

डॉक्टर श्रावस्तीकडे वळला. "अंधुक दिसतं का?"

आजी शेजारीच होती. श्रावस्ती म्हणाली, "हो. कधी कधी."

संध्याकाळी विलास घरी आले. त्यांच्या हातात मेंदूच्या एमआरआयची चिठ्ठी होती.

एमआरआय

चिठ्ठी का दिली, हे त्यांना नीट सांगता येत नव्हते. "डोक्यात त्या ग्रंथीजवळ काही वाढलं आहे का ते बघायचं म्हणाले." रक्तात काहीतरी सापडले असणार, असा अर्थ मी लावला. त्यानंतरचे दिवस मी कशाचाही हिशेब न ठेवता घालवले. मी रोज मुलांना सांगते, उदाहरण सोडवण्यापूर्वी 'दिलेले' काय आहे ते लिहा आणि ते पुन्हा वाचा. मी स्वतः ते वाचले नाही.

एमआरआयच्या खोलीबाहेर एका बाईने श्रावस्तीला अंगावरचे सगळे धातू काढायला सांगितले. तिने कानातले काढून माझ्या हातात दिले. मग केसांच्या पिना. मग चष्मा. चष्मा देताना तिने तो सोडला नाही, दुसरी दांडी धरूनच ठेवली.

"आई, हे याच्यामुळंच झालं."

"काय याच्यामुळं?"

"त्या डॉक्टरांनी विचारलं, अंधुक दिसतं का. आजी बसली होती. मी काय सांगू? मी हो म्हणाले."

मला समजायला वेळ लागला. ती थांबली आणि मग मोठ्या माणसासारखी समजावू लागली, "डोळे खराब, उंची कमी आणि पाळी नाही, असं सगळं मिळून त्यांनी डोक्याचा फोटो सांगितला. मी तेव्हाच बाबांना सांगणार होते. पण मग आजीला कळलं असतं."

मी तिचा हात धरून तडक डॉक्टर बाईंकडे गेले. रांग मोडली आणि मागचे लोक बोलले, ते योग्यच होते. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा मागून घेतला, स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला आणि टेबलावर ठेवला.

"ताई, रक्त मला तपासता येतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिलेली माहिती तपासता येत नाही. ती खरी धरूनच मी पुढे जाते."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी श्रावस्तीला शेजारच्या नेत्र विभागात पाठवले. नजर चांगली होती, बाजूचेही सगळे दिसत होते. एमआरआय तूर्त थांबवला आणि आधी इंजेक्शनची तपासणी करायचे ठरले. त्या तपासणीत ग्रंथीने ओ दिली नाही, तर पुन्हा विचार करू, असे त्यांनी सांगितले. म्हणजे भीती गेली नव्हती. फक्त आमच्या खोटेपणाने वाढवलेला तिचा भाग गेला होता.

इंजेक्शनचा दिवस

त्या तपासणीत दुखते ते सुरुवातीलाच, हाताच्या शिरेत नळी बसवताना. पुढे तिच्यातूनच रक्त घेतात. वेळ मात्र फार जातो. मूल काही खेळू शकेल, वाचू शकेल असे बरोबर न्यावे.

खोलीत आणखी एक आई होती, संग्रामपूरकडच्या वरवट बकालची. तिची मुलगी श्रावस्तीपेक्षा बोटभर उंच होती.

"तुमची कितवीले हाय?" तिने विचारले.

"आठवीत."

"माही दुसरीत." तिने पदराने मुलीचे नाक पुसले. "आत्ताच वयात येऊन राह्यली. थांबवाची हाय."

आमची सुरू व्हायची होती, तिची थांबवायची होती आणि दोघींना इंजेक्शन एकच होते. तिने ते ऐकले आणि हसायला लागली. "दोघीईनं अर्धी अर्धी वाटून घेतली असती तं आपल्याले एवढे एसटीचे धक्के खा लागले असते का, बाई?" त्या वर्षात मी मनापासून हसले ते त्या एका क्षणी. नर्सने दोघींना गप्प केले.

नळी बसवताना ती लहान मुलगी हात पाठीमागे लपवून रडू लागली. श्रावस्तीने स्वतःचा नळी लावलेला हात तिच्यासमोर धरला. तेवढ्याने काम झाले नाही. मग तिने नाकावरचा चष्मा काढून तिला दिला. त्या मुलीने तो घातला आणि खोलीभर मान फिरवली. तेवढ्यात नळी बसली.

निघताना तिची आई चष्मा परत करू लागली. "राहू द्या," श्रावस्ती म्हणाली. "त्यात नंबर नाही. कोणालाही चालतो."

घरी काय सांगायचे, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला.

अहवालाच्या दिवशी डॉक्टरांनी कागद आमच्याकडे वळवला, पण बोलल्या श्रावस्तीशी. "तुझ्या ग्रंथीनं उत्तर दिलं आहे. चांगलं दिलं आहे. आतून सुरुवात झाली असावी. बहुतेक औषधाशिवाय तू वयात येशील."

"कधी?" हे मी विचारले.

"तारीख ही तपासणी सांगत नाही. शक्यता सांगते. हाडं मागे आहेत, म्हणजे उंची वाढायलाही वेळ शिल्लक आहे. किती वाढेल, याचं वचन मी देणार नाही. दर काही महिन्यांनी या, मोजू."

बरेच पालक या उत्तराने नाराज होतात, असे त्या म्हणाल्या. मी नाराज झाले नाही. मला फक्त झोप हवी होती. पण 'बहुतेक' हा शब्द मी घरी घेऊन आले आणि तो माझ्याजवळच राहिला.

पिंपळगाव राजा

मंगलाताईंनी नवे घर बांधले. गृहप्रवेशाची बुद्धवंदना झाल्यावर मागच्या अंगणात आम्ही बायका पोळ्या लाटायला बसलो. श्रावस्ती पीठ मळत होती. ताईंचे लक्ष गेले.

"काऊन वं श्रावी, चष्मा कुठी हाय? फोडला?"

"नाही, आत्या. एका मुलीला देऊन टाकला."

"देऊन टाकला? चष्मा म्हंजे काय खीर हाय का वाटायले?"

बायका हसल्या. मी उत्तर जुळवू लागले होते. श्रावस्तीने हात परातीतून काढले नाहीत. म्हणाली, "माझे डोळे चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले आहेत. माझी वाढ होत नाही, म्हणून मी दवाखान्यात जाते. मी वयात येणार का, ते रक्तावरून बघतात."

लाटणी थांबली. मंगलाताईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मग इतर बायकांना म्हणाल्या, "पोया करपून राह्यल्या, तिकडं पाहा वं," आणि आम्हा दोघींना आतल्या खोलीत नेले. भिंतींना रंगाचा ओला वास होता. त्यांनी दार लोटले.

"मले सतरावं सरत आलं तरी काईच नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "दहावीपर्यंत बुटकी म्हनून मी पयल्या बाकावर. मायनं सांगतलं, कोनापाशी बोलशीन तं पाय. दर महिन्याले थे एक फडकं ओलं करे अन् दोरीवर टाके. वरून लुगडं झाके. पन कोपरा दिसला पायजे, एवढा." त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवले. "शेजारनीले वाटे, मंगला वयात आली."

"मग?" श्रावस्तीने विचारले.

"मंग आली. आपोआप आली. कोन्या डॉक्टरनं सुई नाई देल्ली. अन् वाढली बी. पाय ना, तुह्या बापाएवढी हावो मी." त्या खरोखरच विलासएवढ्या आहेत. इतकी वर्षे मी ते पाहत होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "वहिनी, मले काऊन नाई सांगतलं वं?"

खरे उत्तर एकच होते. "तुम्ही सगळ्यांना सांगाल, म्हणून."

"सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "पन मंग हे बी सांगतलं असतं."

घरी परतल्यावर मी सासूबाईंसमोर बसले. रागावण्याएवढी शक्ती माझ्यात नव्हती. "आई, मी तुम्हाला विचारलं होतं."

त्यांनी नजर चुकवली नाही. "इचारलं होतं. पन मैत्रिणीच्या पोरीसाठी इचारलं होतं. मैत्रिणीच्या पोरीसाठी मी माह्या पोरीचं झाकलेलं काऊन उघडं करू?"

ज्यांच्या घरी अशा तपासण्या सुरू आहेत त्यांना मी एवढेच सुचवीन, की आपल्या घरातल्या बायकांना आपल्याच मुलीसाठी विचारा, तिचे नाव घेऊन विचारा.

शेवटची भेट

पुढच्या भेटीला मंगलाताई बरोबर आल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. "थे डॉक्टरीन बाईले मीच सांगतो," असे म्हणून त्या चिखलीच्या स्टँडवर आमच्याआधी हजर होत्या. एसटीत जालन्यापर्यंत त्यांनी शेजारच्या दोन अनोळखी बायकांना नव्या घराच्या फरशीपासून सुनेच्या माहेरापर्यंत सगळे सांगून टाकले. विलास खिडकीबाहेर पाहत होते.

डॉक्टरांनी आधी श्रावस्तीला पडद्याआड तपासले. बाहेर येऊन हात धुता धुता त्या म्हणाल्या, "पहिलं चिन्ह दिसतंय. अगदी सुरुवात आहे, पण आहे."

या वाक्यासाठी मी दीड वर्ष जगले होते. ते ऐकल्यावर मी रडेन, असे मला नेहमी वाटे. तसे काही झाले नाही. परतीची गाडी किती वाजता आहे, हे मी विलासना विचारले आणि भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसले.

विलासनी आल्या आल्या सांगून ठेवले होते, ते आठवून डॉक्टर म्हणाल्या, "घरातलं कोणीतरी काही सांगणार होतं ना?"

मंगलाताई पुढे झाल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. दार उघडे होते आणि बाहेरच्या बाकांवर माणसे होती. मग टेबलावर वाकून काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू आलं नाही, ताई," डॉक्टर म्हणाल्या.

ताईंनी माझ्याकडे पाहिले. सवयीने मी उत्तर द्यायला उठू लागले.

"आत्या, थांब. मी सांगते," श्रावस्ती म्हणाली. ती खुर्चीत मागे सरकून बसली होती आणि तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. वर्गात उत्तर देताना मुले बोलतात तशा स्पष्ट आवाजात तिने सांगितले, "माझ्या आत्याला पाळी सतरा वर्षं संपता संपता आली. औषध घेतलं नव्हतं. दहावीपर्यंत ती माझ्यासारखीच होती. आता बाबांएवढी आहे. हे घरात कोणी बोललं नव्हतं, म्हणून आम्हाला माहीत नव्हतं."

मंगलाताई मान खाली घालून 'हाव, हाव' म्हणत होत्या. डॉक्टरांनी ते लिहून घेतले.

मी बाकावर परत टेकले. त्या दिवशी मला काहीच सांगावे लागले नाही.